आखाजीचं टोपलं

अमळनेरच्या कॉलेजात रुजू होऊन मला चार-पाच महिने झाले असतील. एका सकाळी माझ्या घरमालकीणबाईंनी मला ओट्यावर उभं केलं, नाकावर घसरलेला माझा चष्मा स्वतःच्या हाताने वर सरकवला आणि माझ्या डोक्यावर एक टोपलं ठेवलं.

"तुले बहीन हाये का रे?" त्यांनी विचारलं.

"दोन आहेत."

"मंग आता तिसरी घे. मान हालवू नको."

मी कोकणातला, एकशिवडी, इतिहास शिकवणारा माणूस. डोक्यावरून काही वाहून न्यायची सवय मला नव्हती, आणि एका बाईने असं परस्पर बहीण वाटून द्यावी याची तर मुळीच नव्हती. मी म्हणालो, "अक्का, सायकलच्या मागे बांधून नेतो की." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी टोपलं दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि चालू लागलो.

त्यांना सगळं गाव अक्का म्हणायचं, म्हणून मीही म्हणत असे. त्या मूळच्या रावेरकडच्या, केळीच्या बागा असलेल्या घरातल्या. नवरा अमळनेरच्या तेलाच्या गिरणीत मिस्त्री होता, तो बऱ्याच वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही. राहतं घर, त्यातल्या दोन खोल्या भाड्याने, पुढे निंबाचं झाड असलेलं अंगण आणि वर ऐसपैस धाबं, म्हणजे मातीची सपाट गच्ची. उंचीला माझ्यापेक्षा चार बोटं जास्त आणि आवाज असा, की त्या अंगणातून "दूध आलं का?" म्हणाल्या तर दूधवाला दोन गल्ल्या पलीकडून ओ द्यायचा. वर्षाचे दहा महिने त्या इतर बायकांसारख्याच असत, म्हणजे जरा जास्त भांडखोर एवढंच. पण होळी झाली आणि ऊन तापायला लागलं की त्यांच्या अंगात काहीतरी संचारायचं.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, एवढं मला पंचांगातून ठाऊक होतं. पण आमच्याकडे तो एक मुहूर्त, आंब्याच्या रसाचं निमित्त. खानदेशात ती लेकींची दिवाळी. सासरी गेलेली पोर आखाजीला माहेरी यायचीच. भाऊ न्यायला जातो, पोरी झोक्यावर बसून गाणी म्हणतात, त्या चार दिवसांत त्यांना कुणी उठ म्हणत नाही की बस म्हणत नाही. आणि जिला येता येत नाही तिच्याकडे भाऊ वानोळा घेऊन जातो. वानोळा म्हणजे घरी केलेलं, घरी पिकलेलं, प्रेमाने पाठवलेलं खाणं. आता जिला भाऊच नाही, माहेरच नाही, तिने त्या दिवशी काय करावं? तिने दार लोटून भांडी घासावीत. गावात अशा बायका किती असतात हे आपल्याला कधी दिसत नाही. अक्कांना दिसायच्या. त्या प्रत्येकीला त्या आखाजीचं टोपलं पाठवत, आणि ते पोचवायला गावातला एखादा पुरुष पकडून त्याला तिचा भाऊ नेमून टाकत.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं ते त्यांनी लपवलं नव्हतं. नवरा वारला त्या वर्षी शेताच्या वाटणीवरून भावांशी वाजलं. आखाजीला त्या सकाळपासून नवं लुगडं नेसून दारात बसल्या. "उन्हं उतरली, कोनी आलं नाई. मंग म्या उठून सोताच कुरडई तळली नं खाल्ली," असं त्या सांगायच्या, आणि सांगताना त्यांच्या आवाजात रडगाणं औषधालाही नसायचं. "तवाच ठरवलं. भाऊ काय आभायातून पडते काय? करा लागतो."

आता टोपल्याचं. होळीनंतर अक्कांच्या अंगणात पाऊल टाकणाऱ्याची सुटका नसे. गहू भिजत घातलेले, रोज त्यांचं पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा, मोठ्या पातेल्यात हिंगमीठ घालून शिजवायचा. तो ढवळायला मनगट लागतं. पोस्टमन आला की त्याची पिशवी खुंटीला आणि हातात लाकडी दांडा. "ढवळ. गाठ झाली तं तुह्या डोक्यात घालीन." पोस्टमन बिचारा घाम पुसत ढवळायचा आणि जाताना वाटीभर गरम चीक खाऊन जायचा. मग धाब्यावर बाजा टाकून त्यांवर धुतलेली धोतरं अंथरायची आणि सोऱ्यातून कुरडया घालायच्या. भर उन्हात अक्का काळी छत्री उघडून मध्ये बसत आणि हातात गोफण. कावळा कुरडईच्या दिशेने नुसता वळला तरी खडा सुटायचा. माझ्या खिडकीची काच एका वर्षी त्या खड्याने गेली. अक्कांनी मला बजावलं, की चूक कावळ्याची होती, तो ऐन वेळी वाकला.

कुरडया, पापड, ज्वारीचे पापडासारखे पातळ बिबडे, शेवया, आणि अगदी शेवटी सांजोऱ्या. पण करणं हे अक्कांच्या लेखी निम्मं काम. खरी कसोटी भरण्याची. बांबूच्या टोपल्याच्या तळाशी केळीचं वाळलेलं सोपट, म्हणजे केळीच्या खोडाचे पापुद्रे, गादीसारखं अंथरायचं. ते त्या सावद्याकडून येणाऱ्या गाडीवानांकडून मागवत. भावांशी अबोला होता, पण केळीशी नव्हता. मग कडेने बिबड्यांची भिंत. मध्यभागी सांजोऱ्यांचा डबा, कारण वजन मधे असलं तर डोक्यावर टोपलं डगमगत नाही. आणि डब्याभोवती कुरडया, आडव्या नाही, उभ्या, एकीला एक टेकवून, थराथरामध्ये जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा. वरून पांढरं मांजरपाट ताणून दाभणाने शिवून टाकायचं आणि शिवणीवर हळदीकुंकवाची बोटं. टोपलं तयार झालं की त्या ते कानाशी धरून हलवून बघत. आतून जराही आवाज आला तर पुन्हा उसवत.

त्यांचे नियम ठरलेले होते. टोपलं डोक्यावर, पायी, आणि भर बाजारातून. बोळातून नाही. दारात गेलं की मोठ्याने म्हणायचं, "बहिणीचा वानोळा आणलाय." बहीण तुमच्या समोर शिवण उसवील, कुरडया बघेल, तोवर पाणीसुद्धा मागायचं नाही. आणि एकही कुरडई मोडलेली निघता कामा नये. परत आलेल्या भावाला अक्का फाटकातच अडवत आणि एवढाच प्रश्न विचारत, "मोडली का?"

मी एकदा म्हणालो, "अक्का, बाजारातूनच कशाला? किती लोक बघतात."

"म्हनूनच. झाकून नेला तं तो वानोळा नाई, चोरी झाली," त्या म्हणाल्या.

पहिल्या वर्षी मला ते काही समजलं नव्हतं. माझ्या कपाळावरून घाम चष्म्यावर ओघळत होता, हात वर अडकलेले, आणि सायकलच्या दुकानापाशी माझ्याच वर्गातली मुलं उभी. "सर, काय विकताय?" एकाने विचारलं. मी इतिहासाचा प्राध्यापक, आणि मला चष्मा पुसायलाही हात मोकळा नव्हता. पण दुकानाचा मालक त्या पोराच्या पाठीत धपाटा घालून म्हणाला, "चूप रे. अक्कानं टोपलं शे ते." आणि त्याने रस्त्यात उभी असलेली सायकल बाजूला घेऊन मला वाट करून दिली. तेव्हा मला कळलं, की माझं हसं होत नव्हतं, मला मान मिळत होता. मी जरा ताठ चालू लागलो. तसाही टोपलं डोक्यावर असताना माणसाला दुसरा इलाज नसतो.

अक्कांचे नेमलेले भाऊ म्हणजे एक वेगळीच जमात होती. कापसाचा मोठा व्यापार असलेले मारवाडी शेठजी हे म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातल्या केरळी सिस्टरचे भाऊ. घरात नोकरचाकर, दारात जीप, पण आखाजीला शेठजी केशरी पगडीवर टोपलं घेऊन पायी निघत. एकदा त्यांनी नोकराच्या डोक्यावर टोपलं देऊन आपण पुढे चालायचा प्रयत्न केला. अक्कांनी चौकात गाठून विचारलं, "भाऊ कोन हाये, शेठजी? ह्यो का तुमी?" त्यानंतर त्यांनी पुन्हा तसं केलं नाही. स्टेशनावरचे पार्सलबाबू मुसलमान, ते एका बालविधवा मास्तरीणबाईंचे भाऊ. पार्सलं आपटण्यात हयात गेलेला माणूस, पण ते टोपलं असं नेत, जणू आत तान्हं मूल निजलंय. आणि हे नुसतं एका दिवसापुरतं नसे. सिस्टरला रात्रपाळीवरून कुणी टोमणा मारला तर शेठजींचा मुनीम त्याच्या दारात हजर व्हायचा. मास्तरीणबाईंच्या बदलीचा घोळ झाला तेव्हा पार्सलबाबू जळगावला खेपा घालून आले. एकदा भाऊ झालात की झालात.

या नेमणुकीत अक्कांची एकदाच चूक झाली, आणि ती मात्र मोठी गमतीची. पाटबंधाऱ्याचा एक तरुण ओव्हरसियर आमच्या गल्लीत राहत असे. समोरच्या घरात कन्याशाळेची नवी बाई एकटी राहायला आली होती. हा गडी कारण नसताना खिडकीत उभा असायचा. अक्कांना वाटलं, बरा काळजी करणारा पोरगा आहे. आखाजीला त्यांनी टोपलं त्याच्या डोक्यावर ठेवलं. नाही म्हणायची सोय नव्हती. पोराने ते बाजारातून मिरवत नेलं, रडवेल्या आवाजात "बहिणीचा वानोळा" म्हणाला आणि घरी येऊन आडवा झाला. दोन दिवस जेवला नाही. शेवटी मीच अक्कांना सांगितलं. त्या डोक्याला हात लावून बसल्या.

"गावानं पाह्यलं रे. आता कसं फिरवू?" मग थोड्या वेळाने उठून त्या समोरच्या घरी गेल्या. बाईंनी टोपलं कोपऱ्यात तसंच ठेवलं होतं. शिवण उसवलेली नव्हती. अक्कांनी विचारलं, "उघडलं नाई काहून?" बाई खाली बघत म्हणाल्या, "मला नको होतं. त्यांच्या हातचं नको होतं. म्हणजे असं नको होतं." अक्का काय ते समजल्या. दुसऱ्या दिवशी त्या ओव्हरसियरला तेच टोपलं डोक्यावर घेऊन, त्याच बाजारातून, उलटं चालत नाही पण उलट्या वाटेने परत यावं लागलं. मागे अक्का सगळ्यांना ओरडून सांगत होत्या, "परत आलं बरं का! न उघडता परत आलं! नातं लागलं नाई!" त्या दोघांचं लग्न पुढच्या मार्गशीर्षात झालं.

अक्कांना स्वतःला वानोळा आणणारा कुणी भाऊ नव्हता ही गोष्ट आम्हाला खटकायची. एका वर्षी शेठजी, पार्सलबाबू आणि मी, तिघांनी मिळून गुपचूप एक टोपलं तयार करवलं. शेठाणींनी कुरडया घातल्या, मी सोपट अंथरलं, पार्सलबाबूंनी शिवलं. वाजतगाजत अक्कांच्या दारात गेलो. अक्का डोळे पुसतील अशी आमची अपेक्षा. त्यांनी शिवण उसवली, हात घातला आणि मोडलेली कुरडई बाहेर काढून आमच्या नाकासमोर धरली. "भाऊ झाले, पन भरता नाई आलं," म्हणाल्या आणि टोपलं आम्हाला परत केलं. त्या कुरडया आम्ही तिघांनी त्यांच्याच अंगणात तळून खाल्ल्या. तळून त्यांनीच दिल्या, हे मात्र खरं.

दुष्काळाच्या वर्षी गहू मिळेना. रेशनवर मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी मिळायची, ती आमच्या गळ्याखाली उतरायची नाही. आम्हाला वाटलं, यंदा टोपली नाहीत. अक्कांनी त्या मिलोचे बिबडे केले. रंगाला विटेसारखे, पण कागदासारखे पातळ. टोपल्यात कुरडया नव्हत्या, पण बिबड्यांची भिंत तशीच, शिवण तशीच. "धान्य सरकारचं हाये, हात माहा हाये," एवढंच त्या म्हणाल्या.

आता माझ्या बहिणीविषयी. तिचं नाव मंदा. गिरणीमागच्या गल्लीत राहणाऱ्या एका फिटरची बायको. आईबाप लहानपणीच गेलेले, शिंदखेड्याच्या काकांनी वाढवली आणि लग्न लावून हात झटकले. सासू वाईट नव्हती, पण तिच्या तोंडात एक वाक्य कायम असायचं. मीठ जास्त पडलं की, "हिले कोन शे?" दोन दिवस माहेरी जावंसं वाटलं की, "जाशी कोठे? तुले कोन शे?" मी पहिल्यांदा टोपलं घेऊन गेलो तेव्हा मंदा दारात नुसती उभी राहिली होती. शिवण उसवताना तिने एकही दोरा तोडला नाही. त्या दिवशी तिने मला "दादा" म्हटलं, आणि मला सख्ख्या दोन बहिणी असूनही त्या हाकेने ऊर भरून आला. त्यानंतर दर आखाजीला मी परीक्षेचे पेपर बाजूला ठेवून थांबायचो, टोपलं पोचवायचो आणि मगच कोकणात जायचो.

मधल्या एका वर्षी मंदाचं पहिलं मूल जन्मतःच गेलं. बाळंतपण घरातच झालं होतं, सुईणीच्या हातून. पुढे ती पुन्हा गरोदर राहिली. त्या वर्षीच्या आखाजीला मी टोपलं घेऊन गेलो तेव्हा तिला आठवा महिना होता. नेहमीसारखी ती शिवण उसवायला बसली, पण तिला दोरा चिमटीत धरता येईना. बोटं सुजली होती. पायही. मला म्हणाली, "डोकं दुखस दादा. डोयापुढे अंधारी येस." मग हळूच, सासू आत गेलेली पाहून, "माले भ्याव वाटस." शेवटी दोरा मीच ओढला.

परत आलो तर अक्का फाटकात. "मोडली का?"

"नाही. पण तिची बोटं सुजलीत, अक्का. दोरा ओढता आला नाही तिला."

पायात चपला न घालता त्या तशाच दवाखान्यात गेल्या आणि सिस्टरला घेऊन मंदाच्या घरी. सिस्टर बाहेर आली ती गंभीर चेहऱ्याने. रक्तदाब फार वाढला होता. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात आजच नेली पाहिजे, नाहीतर मूलही जाईल आणि आईही. नवरा मान खाली घालून उभा होता. सासू मात्र दाराच्या चौकटीला हात लावून ठाम. तिची स्वतःची सात बाळंतपणं त्याच खोलीत झाली होती. सिस्टरचं तिने ऐकून घेतलं, अक्कांचं तर ऐकूनही घेतलं नाही.

अक्का घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "आता तू जाय."

"मी? तिथे तुमचं काही चाललं नाही, तर माझं काय चालणार?"

"मी परकी बाई. सिस्टर सरकारी. आमाले ती नाई म्हनू शकते. लेकीले बाळंतपनाले भाऊ न्याले आला तं त्याले नाई म्हनता येत नाई. जाय."

"टोपलं घेऊन?"

"आता कशाले टोपलं? हात हालवत जाय. भाऊ हायेस ना?"

मी तेव्हा तिशीतला ब्रह्मचारी. बाळंतपण या विषयातलं मला शून्य ज्ञान. उन्हात त्या गल्लीकडे जाताना मी एकच वाक्य घोकत होतो, आणि भीतीने तेही विसरत होतो. दारात सासू उभी होतीच. मी घसा खाकरला आणि नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणालो, "बहिणीला बाळंतपणाला न्यायला आलोय."

सासूने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हिले लई जावाले तू कोन शे?"

उत्तर गल्लीने दिलं. समोरच्या ओट्यावरची म्हातारी आधी बोलली, "अवं, असं काय करस? भाऊ शे तो तिना. दर आखाजीले टोपलं लई येस." पिठाच्या गिरणीवाला बाहेर आला, "बठ्ठी गल्लीनी दखेल शे, माय," म्हणजे सगळ्या गल्लीने पाहिलंय. नळावरच्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या. कुणी भांडत नव्हतं, जो तो आपण पाहिलेलं सांगत होता. डोक्यावरून, बाजारातून, भर उन्हात एवढी वर्षं मी काय वाहून आणत होतो ते मला त्या क्षणी समजलं. अक्कांचा मला इतका अभिमान वाटला, की माझी भीतीच गेली.

सासू चौकटीवरचा हात काढून खाली बसली. तिचा आवाज उतरला होता. "पहिलं गये तवय बी मीच व्हतू अथं. आते दवाखानाम्हा धाडं तं लोके म्हनतीन, सासूले सून जड व्हयनी."

"माहेरी न्यायला भाऊ आलाय, मावशी," मी म्हणालो. "यात सासूला कोण काय म्हणणार?"

वाट तिलाही हवीच होती, ती दिसत मात्र नव्हती. मग ती उठून आत गेली, आणि बाहेर आली ती एक पितळी डबा घेऊन. डिंकाचे लाडू. सुनेच्या बाळंतपणासाठी तिने ते कधीच करून ठेवले होते, कुणाला न सांगता. डबा फडक्यात गच्च बांधून तिने माझ्या हातात दिला. "मनी सून रिकामा हाते जावाव नई," म्हणाली. मी डबा हलवून पाहिला. आवाज आला नाही. भरायचं तिलाही येत होतं.

शेठजींची जीप गल्लीच्या तोंडाशी आली होती. सिस्टरने मंदाला मागच्या बाकावर निजवलं, अक्का तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. धुळ्याचा रस्ता खड्ड्यांचा. शेठजी स्वतः गाडी चालवत होते आणि प्रत्येक खड्ड्याला अक्का मागून ओरडत होत्या, "शेठजी, आत कुरडया हायेत असं समजून चालवा!" अशा वेळीही मंदा हसली, ते मी पाहिलं.

पुढचे दोन दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात गेले. आम्ही कुणालाच बोलावलं नव्हतं. पण पार्सलबाबू दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आले. पोस्टमन रजा टाकून आला, तोही कुणाचा तरी नेमलेला भाऊ होता. शेठजी व्यापार सोडून बाकावर बसून होते. मंदाचा नवरा आणि सासूही आली, सोबत भाकरी आणि ठेचा सगळ्यांना पुरेल एवढा. सासू आणि अक्का बाकाच्या दोन टोकांना, एकमेकींशी एक अक्षर न बोलता. आत एकदा धावपळ झाली, दार बंद झालं, आणि पुष्कळ वेळ ते उघडलंच नाही. पार्सलबाबू डोळे मिटून पुटपुटत होते. मी व्हरांड्याच्या फरशा बघत होतो. मला दुसरं काही करता येत नव्हतं.

दुपारी दार उघडलं. तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, घामाघूम. "मुलगी झाली. जरा लहान आहे, पण रडली छान. आई आता शुद्धीवर आहे, धोका टळला." मग त्यांनी व्हरांड्यावरून नजर फिरवली. "ती माहेरच्या माणसाला बोलवतेय. माहेरचं कोण आहे?"

आम्ही सगळे एकदम उठलो. केशरी पगडीतले शेठजी, काळ्या टोपीतले पार्सलबाबू, खाकी कपड्यांतला पोस्टमन आणि चष्मा पुसणारा मी. डॉक्टरीणबाई गोंधळल्या. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. चार तोंडं चार दिशांची.

"हे सगळे?" त्यांनी विचारलं.

अक्का बोलणार म्हणून आम्ही त्यांच्याकडे पाहिलं. पण त्यांच्या आधी बाकाच्या दुसऱ्या टोकावरून मंदाची सासू उठली. पदर खोचून पुढे आली आणि आमच्याकडे हात करून, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बठ्ठा. ह्या बठ्ठा तिना भाऊ शेतस."

सरकून अक्कांनी बाकावर तिच्यासाठी जागा केली, आणि मी आत गेलो.